नाक नका मोजू, मान बघा



एका संग्रहालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, सगळी सारखीच. काचेच्या पेटीत दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत एक पोर. म्हणजे पोराची हाडं. काटकीएवढ्या बरगड्या, अंड्याच्या टरफलासारखी फुटलेली कवटी. खाली पाटी : ताम्रपाषाण युग, जोर्वे संस्कृती. माहिती सांगणारा म्हणाला, "मडक्याची घडण बघा, किती सुबक!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "पोर कशानं मेलं?"

तो म्हणाला, "त्याची नोंद नसते साहेब."

खोटं. साफ खोटं. नोंद असते. पोराच्या दातावर असते. पण ती वाचायची कुणाला गरज वाटत नाही. मडकं महत्त्वाचं, पोर फालतू. आपल्याला हा हिशेब नवा नाही.

म्हणून हा लेख. पुराणवस्तूवाल्यांच्या कामावर आपल्यात कोणी लिहीत नाही. आपल्याला वाटतं, ते शिकलेल्यांचं रिकामपणाचं काम. आपल्या पोटाचा प्रश्न वेगळा. पण मी सांगतो, पोटाचाच प्रश्न तिथं पुरलेला आहे. ज्यांनी पोथ्या लिहिल्या त्यांनी आपली भूक लिहिली नाही. भूक लिहिली ती हाडांनी.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं खोदलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घराच्या जमिनीखाली, अंगणात पुरलेली माणसं निघाली. त्यात पोरं फार. पोरं मडक्यात, मोठी माणसं खड्ड्यात उताणी, आणि मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. भूत होऊन पळून जाऊ नये म्हणून, असा खोदणाऱ्यांचा अंदाज. वस्तीच्या मध्याला पाच खोल्यांचं घर, त्यातच धान्याचं कोठार, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक माणूस. गावचा प्रमुख असावा म्हणतात. मनू अजून जन्मायचा होता. पण कोठाराशेजारी कोण बसणार ते ठरलं होतं!

१९८६ साली जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांवर ग्रंथ काढला. पुढे २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग या बाईंनी पोरांच्या हाडांवर पुस्तक लिहिलं. काय निघालं? दुधाच्या सुळ्यांवर खळगे. गाव उठायच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या पोरांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा. दाताचं वरचं कवच एकदाच तयार होतं, मग आयुष्यभर बदलत नाही. हाड स्वतःला दुरुस्त करतं, दात करत नाही. दुधाच्या दाताचं काम तर आईच्या पोटातच सुरू होतं. आई उपाशी असेल, पोर तापानं फणफणलं असेल, तर कवच घडायचं काम अडतं, आणि तिथं रेघ किंवा खळगा पडतो. तीन हजार वर्षांनी कोणी भिंग लावलं तर दिसतं, या पोराचं अमुक महिन्यात हाल झालं. पंचनाम्यात असं लिहीत नाहीत राव!

आता ही विद्या काय काय वाचते ते नीट ऐका. कंबरेच्या हाडावरून बाई की पुरुष. हाडांची टोकं सांधली की नाही त्यावरून वय. डोळ्याच्या खोबणीच्या छताला चाळणीसारखी भोकं असली तर अंगात रक्त कमी होतं, हा बऱ्याचदा लागणारा अंदाज. क्षय मणके खातो. महारोग नाकाची आणि बोटांची हाडं खातो. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा महारोग्याचा सांगाडा निघाला, २००९ साली त्याचा अभ्यास छापून आला. दातात स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य असतं, ते लहानपणी ज्या मातीतलं खाल्लं-प्यालं तिथलं असतं, त्यावरून माणूस कुठं वाढला ते कळतं. आणि जिथं स्नायू हाडाला चिकटतो तिथं फार ओढ बसली की हाड खडबडीत होतं, उंचवटे येतात. म्हणजे कामाची खूण.

इथं मला माझी आजी आठवते.

आजीनं चाळीस वर्षं बांधकामावर घमेली वाहिली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात वाळू, खडी, काँक्रीट. मुंबईतले किती मजले तिच्या मानेवरून वर गेले याचा हिशेब नाही. म्हातारपणी तिला मान वळवता येत नव्हती. हाक मारली की अख्खी फिरायची. डॉक्टर म्हणाला, "मणके झिजलेत, वय झालं." वय! तिच्याच वयाच्या शेठाणीची मान तुरतुर फिरत होती. तिचं वय झालं नव्हतं काय?

आजीच्या नावावर कागद एकच, रेशनकार्ड. पण मान होती. मान हा तिचा कागद होता.

आता मानेवरून न्यूयॉर्कला जाऊ. दचकू नका, रस्ता सरळ आहे. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरवरून घेतलं. त्यांच्या हाडांची गोष्ट आपल्याला ठाऊक नको?

१९९१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सरकारी कचेरीची चौतीस मजली इमारत बांधायला खोदलं. खाली प्रेतं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७९४ पर्यंत काळ्या गुलामांना आणि गुलामीतून सुटलेल्या काळ्यांना तिथं पुरत होते. का? तर १६९७ साली ट्रिनिटी चर्चनं आपल्या आवारात काळ्यांना पुरायला बंदी केली. मग त्यांना जागा कुठली, तर शहराच्या हद्दीबाहेर, पाणथळीजवळ. म्हणजे गावकुसाबाहेर! साता समुद्रापलीकडे गेलं तरी गावकूस तेच. पुढं शहर वाढलं, भराव टाकला, वर दुकानं, कचेऱ्या, रस्ते आले. लोक विसरले. खाली दहा ते वीस हजार माणसं असावीत असा अंदाज. त्यातली ४१९ बाहेर काढली.

सुरुवातीला सरकारला घाई. यंत्रानं काही कबरी फोडल्या. काळे लोक रस्त्यावर उतरले. जागरण केलं, प्रार्थना केल्या, अमेरिकेच्या संसदेत आवाज पोचवला, आणि १९९२ साली खोदकाम थांबवायला लावलं. पहिलं पथक जे होतं त्याचा भर कवटी मोजून वंश ठरवण्यावर. मायकेल ब्लेकी हा काळा मानवशास्त्रज्ञ म्हणाला, ही माणसं काळी होती हे आम्हाला ठाऊक आहे, तुमच्या फुटपट्टीची गरज नाही. प्रश्न दुसरे विचारा. ती कुठून आली? कशी जगली? त्यांच्यावर काय लादलं? त्यांनी विरोध कसा केला? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, काय विचारायचं हे त्या मेलेल्यांच्या वारसांना विचारून ठरवायचं. हाडं वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. काळ्यांचं विद्यापीठ.

मग हाडं बोलली. मेलेल्यांत लहान पोरांचं प्रमाण भयानक. दातांवर उपासमारीच्या, आजाराच्या रेघा. स्नायू हाडापासून ओढून फाटल्याच्या खुणा, बायकांच्यासुद्धा. मानेचे मणके ओझ्यानं दबलेले, झिजलेले. काहींचे पुढचे दात कानशीनं घासून टोकदार केलेले, आफ्रिकेतली रीत. म्हणजे ही माणसं तिकडं वाढून इकडं आणलेली. एका म्हाताऱ्या बाईच्या कंबरेला मण्यांची माळ तशीच. आणि एक विशीतली बाई. बरगड्यांत बंदुकीची गोळी. तोंडावर मार, हाताचं हाड पिळवटून मोडलेलं. गुलामी 'सौम्य' होती, उत्तरेत तर फारच सौम्य होती, असं सांगणारे पंडित तिकडंही होते. त्यांच्या तोंडावर ही बाई उभी केली.

सगळा अभ्यास झाल्यावर ऑक्टोबर २००३ मध्ये त्या ४१९ जणांना वाजतगाजत परत त्याच जागी पुरलं. २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. अभ्यासाला हाडं दिली, पण कपाटात सोडली नाहीत.

कपाटाचं निघालं म्हणून सांगतो. त्याच न्यूयॉर्कात १७८८ साली डॉक्टरकी शिकणारी पोरं रात्री काळ्यांच्या कबरी उकरून मढी पळवत. काळ्यांनी अर्ज केला, कोणी कुत्रं भुंकलं नाही. गोऱ्याचं प्रेत चोरीला गेलं तेव्हा दंगल झाली. आणि आपल्याकडं? १९८५ साली केंद्र सरकारनं माणसाच्या सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांना सांगाडे पुरवण्यात भारत पुढं होता, धंद्याचं केंद्र कलकत्ता. बेवारस, गरीब, नदीकाठी अर्धवट जळलेली माणसं. ती साफ करायचं काम डोमांच्या वाट्याला. परदेशातल्या कितीतरी डॉक्टरांनी हाडं शिकली ती आपल्या माणसांवर. त्यांना हाडाचं लॅटिन नाव पाठ. त्या माणसाचं नाव? सोडा.

आता नाकाकडं वळू.

इंग्रजी अमलात रिस्ले नावाचा साहेब नाकं मोजत हिंडला. १८९१ साली बंगालच्या जातीजमातींवर ग्रंथ, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. त्याचा सिद्धांत काय, तर नाक जेवढं बारीक तेवढी जात वरची. च्यायला, म्हणजे सर्दी झाली की माणूस शूद्र! पण हसू नका. ह्या नाकावर ग्रंथ झाले, आर्य-द्रविड झाले, आणि 'हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य' हे शास्त्र झालं.

त्याचा निकाल बाबासाहेबांनी लावला. १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी हेच नाकांचे आकडे घेतले, प्रांताप्रांताचे मांडले आणि दाखवलं, की ब्राह्मणाचं आणि अस्पृश्याचं माप एकाच प्रांतात एकाच वंशाकडं जातं. ब्राह्मण आर्य तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड तर अस्पृश्यही द्रविड. त्यांचीच फुटपट्टी घेऊन त्यांच्याच पाठीत घातली.

हे त्यांना कुठून सुचलं असेल? मला एक गोष्ट दिसते. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठात. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तो मानवशास्त्राच्या चर्चावर्गात. गोल्डनवायझर यांच्या. त्या खात्याचा म्होरक्या फ्रान्झ बोआस. बोआसनं त्याआधी चारपाच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या सुमारे अठरा हजार स्थलांतरितांची डोकी मोजून म्हटलं होतं, की परदेशातून आलेल्या आईबापांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पोरांच्या डोक्याचा आकार बदलतो. मग कवटीवरून वंश कसला ठरवता? (त्या आकड्यांवर नव्वद वर्षांनी पुन्हा वाद झाले. व्हायलाच पाहिजेत. पण कवटी म्हणजे दगडावरची रेघ, हा गर्व तिथंच मोडला.) आणि बाबासाहेब हे ऐकत होते तेव्हा त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, दुकानांच्या खाली, ते काळे पडून होते. कुणालाच पत्ता नव्हता.

इथवर तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील. आता जरा तुमच्याकडं बघतो.

आपल्या सभांत अजून एक वाक्य हमखास येतं : मोहेंजोदडोत आर्यांनी आपल्या पूर्वजांची कत्तल केली, सांगाडे सापडलेत, पुरावा आहे. पुरावा कुणाचा? मॉर्टिमर व्हीलर या साहेबाचा. १९४७ साली त्यानं रस्त्यात-घरात सापडलेल्या सांगाड्यांवरून इंद्रावर खुनाचा आरोप ठेवला. ऐकायला झकास. मलाही आवडला होता. पण १९६४ साली जॉर्ज डेल्सनं कागद तपासले. सांगाडे एकाच थरातले नाहीत, एकाच वेळचे नाहीत. पुढं केनेथ केनेडीनं हाडं तपासली. चाळीसच्या आसपास सांगाडे, आणि घावाची खूण एखाददुसऱ्या कवटीवर, त्यातलीही एक जखम मरणाच्या खूप आधी भरून आलेली. कत्तल नव्हती. इंद्र सुटला. पुराव्याअभावी सुटला, निर्दोष म्हणून नव्हे. पण सुटला.

मग आपलं काय गेलं? काहीच नाही. उलट खरा पुरावा दुसरीकडं आहे आणि आपण तिकडं बघत नाही. हडप्पाच्या सांगाड्यांवर २०१२ आणि २०१३ साली अभ्यास छापून आले. शहर ढासळत चाललं त्या काळात डोक्याला मार, महारोग, क्षय वाढलेला दिसतो. आणि सगळ्यात जास्त कुणात? शहराच्या आग्नेय कडेला एका ठिकाणी ढिगानं पडलेल्या हाडांत. ज्यांना नीट कबर मिळाली त्यांच्यापेक्षा जास्त. बायका, पोरं त्यात. घोड्यावरून आलेला शत्रू लागत नाही. संकट आलं की कडेचा माणूस आधी मरतो, एवढं लागतं. हे कुठल्या पुराणापेक्षा आपल्या जवळचं आहे.

तीच गत राखीगढीची. २०१९ साली साठावर नमुन्यांतून एकाच बाईच्या हाडातून डीएनए नीट निघाला. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा अंश नाही. झालं! एका गटानं ढोल बडवले, आर्य बाहेरून आलेच नाहीत. त्याच महिन्यात पाचशेवर प्राचीन माणसांचा दुसरा अभ्यास आला, तो सांगतो, त्या पट्ट्यातले लोक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान इकडं मिसळले. लेखकांत काही नावं दोन्हीकडं तीच! दुसऱ्या बाजूनं आपले दोस्त ओरडले, बघा, भट परके, आम्ही मूळचे. आणि थुंकी डबीत घालून परदेशी कंपनीला पैसे भरून टक्के मागवायला लागले.

अरे, टक्के मागवून काय करणार? २०१३ सालचा जनुकांचा अभ्यास सांगतो, सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशात जवळजवळ सगळे एकमेकांत मिसळले. भट मिसळला, आपण मिसळलो, डोंगरातला आदिवासीही. मग मिसळणं थांबलं. रक्तानं थांबवलं नाही, रक्ताला काय कळतंय! लग्नाच्या बंदीनं थांबवलं. बाबासाहेबांनी १९१६ साली, पंचवीस वर्षांच्या वयात, हाडं न बघता हेच सांगितलं होतं : जात म्हणजे लग्नाचं दार लावून घेणं. 'मूळचे कोण' या शर्यतीत जिंकलो तरी गावातल्या विहिरीवर उद्या कोण पाणी देणार आहे? आणि हरलो तर काय, आपला हक्क गेला? माणूस कालच आला असला तरी त्याचा हक्क असतो. म्हणून म्हणतो, नाक मोजणाऱ्याच्या दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं नाही.

आपण विचारायचं ते मानेचं, दाताचं, मणक्याचं.

आणि इथं एक गोची आहे. जातीचा अंमल पक्का झाल्यावरच्या काळातले वरच्यांचे सांगाडे फारसे मिळणारच नाहीत. ते जळले. तूप-चंदन घालून जळले. पुरले कोण? संन्यासी, लिंगायत, तान्ही पोरं, भटके, आणि ज्यांना लाकूड परवडत नव्हतं ते. म्हणजे आपण. या दोन हजार वर्षांतला शरीराचा कागद या देशात कुणाचा शिल्लक असेल तर आपला आहे. आणि तो कुठं आहे? महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या मसणवटीत. ओढ्याच्या कडेला, सात-बाऱ्यावर कुणाच्याच नावानं नसलेल्या, नाहीतर गायरान म्हणून लिहिलेल्या तुकड्यात. तिथं आज काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. कुणी बांध सरकवतो, कुणी वाट अडवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ शेतातून वाट दिली नाही म्हणून दलिताचं प्रेत पुलावरून दोरानं खाली सोडावं लागलं. मेल्यावर जायला वाट नाही, तिथं गेलेल्यांची हाडं कोण सांभाळणार?

राजवाड्याचा एक दगड हलवायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मसणवटीवरून जेसीबी न्यायचा तर कुणाची लागते? विचारून बघा तलाठ्याला. तो हसेल.

आपल्या पोरांनी ही विद्या शिकली पाहिजे. उत्खननात पाट्या टाकायला, माती चाळायला आपलीच माणसं असतात. ब्रश घेऊन कबरीत उतरलेला मजूर हाड कुठं आहे ते साहेबाच्या आधी ओळखतो. अहवालात त्याचं नाव आलं तर आलं. तो खड्ड्यातून वर येऊन टेबलाशी बसला पाहिजे. कुठलीही जुनी मसणवट रस्त्यासाठी, धरणासाठी, कारखान्यासाठी हलवायची असेल तर आधी वस्तीला विचारा. वस्ती 'नको' म्हणाली तर नको. 'हो' म्हणाली तर नीट काढा, नीट वाचा, काय वाचलं ते मराठीत वस्तीला सांगा, आणि परत नीट ठेवा. न्यूयॉर्कच्या काळ्यांनी हे मिळवलं ते रस्त्यावर उतरून, अर्जावर नव्हे.

आजी १९९६ साली गेली. बौद्ध झालो तरी लाकडाला पैसे नव्हते, गावी नेऊन ओढ्याकाठी पुरली. गेल्या उन्हाळ्यात गेलो तर तिथं रस्त्याची मोजणी झालेली. चुन्याची रेघ मारून खुंट्या ठोकलेल्या. मी पावलं टाकून बघितली. आजी रेघेच्या आतल्या बाजूला येते.

गावात विचारलं, मोजणीची नोटीस कुणाला आली होती? पाटलाला आली होती, शेजारच्या बागायतदाराला आली होती. आपल्या वस्तीत कुणाला नाही. येत्या रविवारी वस्तीची बैठक लावली आहे. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी नऊची एस्टी पकडा.